शेंडगे सर हाय

शेंडगे सरांनी शिरूरच्या ग्रंथालयात ‘हाय’ म्हटलं, की घोड नदीच्या पलीकडं, म्हणजे चक्क दुसऱ्या जिल्ह्यात, कुणीतरी ‘काय?’ म्हणून विचारायचं. मी स्वतः ऐकलेलं नाही, कारण मी कायम नदीच्या अलीकडं. पण पलीकडचा एक दूधवाला मला शपथेवर सांगत होता. आता दूधवाल्याच्या शपथेत पाणी किती, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

ग्रंथालयाच्या दारावर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती आणि पाटीखाली सर बसायचे. ताडमाड माणूस. अंगात पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत बंद, आणि खुर्चीच्या पाठीवर बारा महिने काळी घोंगडी. वैशाखात कुणी विचारलं, “सर, घोंगडी कशाला?” तर म्हणायचे, “खुर्चीला थंडी वाजती.” चष्मा कपाळावर चढवायचा आणि मग तो शोधायला सगळं ग्रंथालय उठवायचं, हा रोजचा कार्यक्रम. पोरं टेबलाखाली, कपाटामागं वाकून शोधायची. सर मधोमध उभे राहून ओरडायचे, “हाय, हाय, इथंच कुठंतरी चरत आसंल!”

चरणं हा शब्द त्यांच्या घरातला. कवठे येमाईत आज शेंडग्यांचा कांदा आहे, डाळिंब आहे, विहिरीवर मोटर आहे. पण आजोबापर्यंत सगळी पिढी मेंढरांमागं चालत होती. सर त्या घरातले पहिले पदवीधर, ग्रंथालयशास्त्राची मोठी पदवी घेतलेले. पदवी घेताना त्यांनी विषयवार क्रमांक वगैरे शिकून घेतलं आणि परीक्षा संपताच प्रामाणिकपणे विसरून गेले. त्यांच्या कपाटात पुस्तकं कशी लावली होती हे देवाला ठाऊक, आणि देवालाही एकदा विचारून घ्यावं लागलं असतं.

मी कॉलेजात वाणिज्य शिकवायला लागलो त्या आठवड्यातच एक पुस्तक मागायला गेलो. नाव सांगायच्या आधीच सर म्हणाले, “हाय.”

“अहो सर, कुठलं ते तर ऐका.”

“सांगा.”

सांगितलं.

“हाय.”

“कुठं आहे?”

“हाय म्हणलं ना, कॉमर्स!” माणसाला ते विषयाच्या नावानं हाक मारत. भूगोलाचे सर ‘भूगोल’, आणि प्राचार्यांना पाठीमागं ‘सही’.

मी उभा राहिलो. मग बसलो. मग तास घेऊन आलो. सर गायब. पुढं कधीतरी, मी ते पुस्तक विसरूनही गेलो होतो, तेव्हा एका सकाळी ते माझ्या टेबलावर येऊन पडलं. आत शिक्का दौंडच्या कॉलेजचा.

“सर, हे दौंडचं आहे.”

“मग? दौंडात हाय म्हंजी हायच की. मी कवा म्हणलं हितंच हाय?”

तर असा हा माणूस. आमच्या संस्थेची तीन कॉलेजं: शिरूरचं मोठं, दौंडचं त्याहून मोठं असं दौंडवाल्यांचं म्हणणं, आणि कवठे येमाईचं चिमुकलं, ज्याचं ग्रंथालय एका खोलीत मावून वर सायकल ठेवायला जागा उरायची. सर शिरूरचे ग्रंथपाल आणि कवठ्याचेही. या तिन्ही गावांत एखादं पुस्तक असण्याची शक्यता जरी असली तरी सरांच्या लेखी ते ‘हाय’. कुणी नेलेलं असलं तर ‘चरायला गेलंय’. बांधणीला दिलेलं असलं तर ‘कातरायला गेलंय’. दौंडात असलं तर ‘दौंडच्या वाड्यात हाय’. वाडा म्हणजे त्यांच्या बोलीत मेंढरांचा तळ. आणि पार हरवलेलं असलं तर ‘मागं हाय, येतंय’. पण ‘न्हाई’ हा शब्द त्यांच्या तोंडून काउंटरवर कुणी ऐकला नाही. कुणी काहीही मागो, आधी ‘हाय’ आणि मग सर पिशवी खांद्याला लावून एस्टीत.

मीही एकदा त्यांच्या पुढ्यात माझं गाऱ्हाणं टाकलं. लहानपणी मी एक पुस्तक वाचलं होतं. त्याला पुठ्ठा नव्हता, नाव नव्हतं, पहिली पानं नव्हती आणि शेवटची उंदरानं नेली होती. मधल्या पानांत एक शिंगरू विहिरीत पडतं आणि सगळा गाव काठावर भांडत बसतो की शिंगरू कुणाचं. पुढं ते निघालं का, हे मला आजतागायत माहीत नाही.

सरांनी डोळे मिटले. “शिंगरू. विहीर. भांडण. हाय.”

“नाव?”

“नाव मागं हाय, येतंय.”

त्यानंतर वर्षानुवर्षं आम्ही व्हरांड्यात समोरासमोर आलो की मी नुसती भुवई उचलायचो आणि सर चालता चालता म्हणायचे, “हाय, हाय. चरायला गेलंय.”

‘न्हाई’ का म्हणत नाही, याचं कारण त्यांनी मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा वेगळं.

पहिल्यांदा म्हणाले, आजोबांची शिकवण. सांजच्याला मेंढरं मोजताना एखादं कोकरू कमी भरलं तर ‘न्हाई’ म्हणायचं नाही. लांडगा ऐकतो. ‘न्हाई’ म्हटलं की त्याला कळतं, हिशेब सोडला यांनी, आता ते माझं. म्हणून म्हणायचं, ‘मागं हाय, येतंय.’ आणि कंदील घेऊन निघायचं.

दुसऱ्यांदा म्हणाले, लग्नाचं कारण. मुलगी बघायला गेले तेव्हा सासऱ्यानं विचारलं, नोकरी? हे म्हणाले, हाय. नोकरी नव्हती. मग लग्नाच्या तारखेपर्यंत मिळवावी लागली. “तवापास्नं सवय लागली, कॉमर्स. आधी हाय म्हणायचं, मग धावायचं.”

तिसऱ्यांदा सांगितलं ते एका दुपारी, जेवण झाल्यावर, घोंगडीवर डोकं टेकून. कवठ्याच्या ग्रंथालयात एक मुलगी आली होती. वस्तीवरनं चालत आलेली. नर्सिंगच्या परीक्षेचं पुस्तक मागत होती. सर जेवून सुस्तावले होते. खुर्चीतनं न उठताच म्हणाले, न्हाई.

“मग?”

“ती ‘बरं’ म्हणली.”

“आणि?”

“आन् काय? गेली. भांडली आसती तर मी उठलो आसतो. ‘बरं’ म्हणली, कॉमर्स. ‘बरं’.”

एवढं बोलून त्यांनी चष्मा शोधायला सुरुवात केली. यातलं खरं कुठलं, असं मी नंतर खोदून विचारलं, तर म्हणाले, “तिन्ही हाय.”

आता या ‘हाय’ला महाराष्ट्रात एकच तोड होती आणि ती दौंडात बसायची. दौंडच्या ग्रंथपाल डिसोझाबाई. वडील रेल्वेत गार्ड. त्यामुळं हिरवा झेंडा घरात होता, पण बाईंनी आयुष्यभर लालच वापरला. फोन उचलताना लोक ‘हॅलो’ म्हणतात, बाई ‘नाही’ म्हणायच्या. पुस्तक त्यांच्या हातात असलं तरी नाही. त्यांचंही चूक नव्हतं म्हणा. दौंडची जी पुस्तकं शिरूरला ‘चरायला’ यायची ती इथलं गवत गोड लागून इथंच राहायची. सर परत करायचं विसरायचे. बाई विसरायच्या नाहीत.

रोज सकाळी फोन.

“बाई, हाय का?”

“नाही, शेंडगे.”

“अवो, पुस्तकाचं नाव तर ऐका!”

“कशाला ऐकू? आधीची आणा.”

“ती हायेत की हितं. सुखात हायेत.”

“मग तुम्हीपण सुखात राहा.” खट्.

हे असं गोडीगुलाबीत चाललेलं असताना आमच्या संस्थेला विद्यापीठ व्हायची इच्छा झाली. तीन कॉलेजं मिळून समूह विद्यापीठ. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना दोन्ही तालुके आबा म्हणतात, त्यांना कुणीतरी सांगितलं की तपासणीला माणसं आली की आधी ग्रंथालय बघतात, आणि तिन्ही ग्रंथालयांचं मिळून एकच शोधाचं पान पाहिजे. मोबाइलवर नाव टाकलं, की कुठल्या गावात पुस्तक आहे ते दिसलं पाहिजे. शिवाय त्या पानाला एक नाव पाहिजे, चिन्ह पाहिजे, रंग पाहिजे. याला म्हणे ब्रँडिंग म्हणतात. त्यासाठी समिती नेमली आणि मी चूळ भरायला बाहेर गेलो असताना मला सचिव केलं.

पहिल्या बैठकीत नावाचा विषय निघाला. शिरूरचे प्राचार्य म्हणाले, ‘शिरूर-दौंड ग्रंथशोध’. दौंडचे प्राचार्य म्हणाले, ‘दौंड-शिरूर’. का? तर आमच्याकडं जंक्शन आहे. शिरूरवाले म्हणाले, आमच्याकडं हायवे आहे. दौंडला चिन्हात इंजिन हवं होतं. शिरूरला इंजिन सोडून काहीही चाललं असतं. रंगावरून तर असं जुंपलं की निळा म्हटलं की एक उठायचा, हिरवा म्हटलं की दुसरा, भगवा म्हटलं की सगळे आणि पांढरा ठेवा म्हटलं तर पान दिसणार कसं! कवठ्याचं नाव कुणीच घेत नव्हतं. मला सारखं माझं शिंगरू आठवत होतं. विहिरीत पडलेलं, आणि काठावर हा गाव.

मग पुण्याचा चिन्मय आला. प्रत्यक्ष नाही, मोबाइलवर, चेहरा दाखवून. वय एवढं कोवळं की मिश्या आहेत की रेंज कमी आहे ते कळत नव्हतं. तो म्हणाला, “सर, ब्रँडिंग म्हणजे फक्त नाव नाही. ओळख!”

शेंडगे सर पुढं सरसावले. “म्हंजी बघा, आमच्यात दोन कळप एका माळावर आलं, तर आदी मेंढराच्या पाठीवर रंगाचा पट्टा वढत्यात. ह्याचा लाल, त्याचा निळा. मग खुशाल मिसळू द्या. तुमचं त्येच ना?”

“एक्झॅक्टली, सर!” चिन्मय म्हणाला. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं, पण ती पद्धतच आहे त्यांची. “मग नाव काही ठरलंय का?”

सरांच्या खिशात एक नाव होतं. ‘ज्ञानमंजूषा समूह ग्रंथशोध प्रणाली.’ आदल्या दिवशी मला वाचून दाखवलं होतं आणि वाचतानाच दोनदा श्वास घेतला होता. तर चिन्मयनं विचारलं, ठरलंय का, आणि सर खिशात हात घालत म्हणाले, “हाय.”

“हाय?”

“हाय!”

“म्हणजे... फक्त ‘हाय’?”

“हाय की! हाय म्हणलं ना!” सर ओरडले. कागद सापडेना, म्हणून आवाज चढला. “हाय, हाय, हाय!”

“वॉव,” चिन्मय म्हणाला. “किती फ्रेश आहे, सर. किती फ्रेंडली.”

आणि वीज गेली. वायफाय गेलं, चिन्मय गेला, अंधारात दोन्ही प्राचार्य इंजिनावर भांडत राहिले आणि सरांना कागद सापडला तेव्हा वाचायला उजेड नव्हता.

थोड्या दिवसांनी फलक छापून आला. हे एवढं मोठं ‘हाय!’, आणि शेजारी एक हसरा हात, बोटं पसरून हलवत असलेला. आबा बघायला आले. बराच वेळ फलकाकडं बघून मला म्हणाले, “हे काय हाय?”

“हाय, आबा.”

“आरं हाय, ते दिसतंय. पण काय हाय?”

“हाय हे नाव आहे, आबा.”

“नाव हाय ना? मग काय हाय नाव?”

“हाय!”

आबांनी माझ्याकडं असं पाहिलं, की माझी वेतनवाढ मला डोळ्यांदेखत कवठ्याच्या दिशेनं चालत जाताना दिसली. शेवटी त्यांनी दोन्ही प्राचार्यांना विचारलं. शिरूरचे म्हणाले, बरं नाही, पण दौंडचं नाही एवढं खरं. दौंडचे म्हणाले, भिकार आहे, पण शिरूरचं नाव पुढं नाही. आबा म्हणाले, “दोघांनाबी सारखंच आवडलं न्हाई ना? मग पास.”

पण शेंडगे सरांची गंमत वेगळीच झाली. त्यांना हा इंग्रजी ‘हाय’ ठाऊकच नव्हता असं नाही. पण त्या फलकावर त्यांना तो दिसलाच नाही. त्यांना दिसला आपला. घरातला. त्यांना वाटलं, संस्थेला इतक्या वर्षांनी आपलं म्हणणं पटलं. फलकासमोर उभे राहिले, चष्मा कपाळावरनं डोळ्यांवर आणला, परत वर केला. “कॉमर्स,” मला म्हणाले, आणि त्या दिवशी नदीपलीकडं काहीही ऐकू गेलं नसेल, “झालं बघा. आता तिन्ही गावात हाय.”

“सर, तो हात...”

“हात कशाला काढलाय, ते न्हाई कळलं. शाळेत हजेरी देतोय का त्यो?”

मलाच नक्की सांगता येईना की कोण चुकतंय.

भांडण झालं ते पुढं, पान सुरू करून बघताना. सरांनी पहिलंच पुस्तक टाकलं. वर हसरा हात, ‘हाय!’ आणि खाली लाल अक्षरात, ‘उपलब्ध नाही.’

सरांनी चिन्मयला फोन लावला. खरं तर फोनची गरज नव्हती, खिडकी उघडली असती तर पुण्यात ऐकू गेलं असतं.

“ते लाल काय लिवलंय? काढा ते!”

“सर, सिस्टीममध्ये जे असेल तेच दिसणार ना.”

“मग लिवा, चरायला गेलंय.”

“सर, वाचणारा कन्फ्यूज होईल.”

“होऊ द्या की! कन्फ्यूज झाला तर येईल काउंटरवर इचारायला. आला तर मी आणून दीन. ‘न्हाई’ वाचलेलं माणूस कशाला येतंय? ते घरात बसून ‘बरं’ म्हणतंय!”

चिन्मय काहीतरी बोलला. सरांनी ग्रंथालयाची चावी वर धरली, जणू त्याला दिसणारच होती. त्या चावीला एक पितळी घाटी बांधलेली, आजोबांच्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली. ती वाजली. “ऐका. ज्या दिवशी ही पेटी माझ्यासमोर एखाद्याला ‘न्हाई’ म्हणंल, त्या दिवशी ही चावी खाली ठिवीन.”

हे सगळ्या कॉलेजनं ऐकलं. नोकरीला थोडी वर्षं उरलेली, दुसरं काही येत नसलेला, काउंटरशिवाय कुठं उभं राहावं हे ठाऊक नसलेला माणूस. आणि एका शब्दासाठी चावी लावली पणाला. आम्ही हसलो. सर रोज काही ना काही पणाला लावायचेच.

तपासणीचा दिवस आला. शिरूरच्या सभागृहात पडदा लावला. पाहुण्यांमधल्या प्रमुख बाई बाहेरगावच्या, शुद्ध बोलणाऱ्या, हसऱ्या. त्यांना पहिला शोध घ्यायची विनंती केली. बाईंनी नदीकाठच्या वनस्पतींवरचं एक जुनं पुस्तक टाकलं. कधीपासून शोधतेय, म्हणाल्या. पडद्यावर उमटलं,

‘हाय! उपलब्ध नाही.’

बाईंनी ते मोठ्यानं वाचलं. मग परत वाचलं.

“म्हणजे आहे की नाही?”

“हाय म्हणतंय की,” आबा म्हणाले.

“ते नाव आहे, मॅडम,” शिरूरचे प्राचार्य.

“पुस्तकाचं?”

“नाही, पानाचं. पुस्तक नाही.”

“मग पानावर ‘हाय’ का?”

“ते इंग्रजीतलं आहे,” दौंडचे प्राचार्य म्हणाले.

“पण इथं आल्यापासून सगळे ‘हाय’ म्हणजे ‘आहे’ असंच म्हणताहेत,” बाई म्हणाल्या. आता त्यांनाही गंमत वाटायची थांबली होती. “मला एवढंच सांगा, हे ‘हाय’ कोण म्हणतंय?”

“मी.”

मागच्या रांगेतनं आवाज आला. छताचे पंखे थोडे हलले, असं मी लिहिलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, म्हणून लिहीत नाही.

शेंडगे सर लांब ढांगा टाकत पुढं आले. पडद्यावरच्या लाल अक्षरांकडं त्यांनी पाहिलं नाही. बाईंच्या समोरच्या टेबलावर त्यांनी चावी ठेवली. घाटी एकदाच वाजली.

“हाय,” ते बाईंना म्हणाले. “बसा. आणतो.”

आणि पिशवी खांद्याला लावून बाहेर पडले.

बाई बसल्या. खरंच बसल्या. चहा झाला, जेवण झालं, परत चहा झाला. मग त्यांची गाडी लागली. ‘कळवतो’ म्हणून माणसं निघून गेली. सर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही.

इथून पुढं सगळा घोळ आहे. चावी ठेवली म्हणजे राजीनामा दिला, की गावाला जाणारा माणूस ठेवतो तशी ठेवली? आबांनी बैठक घेतली. शिरूरचे प्राचार्य म्हणाले, ठेवली म्हणजे सोडली. मी म्हणालो, त्यांनी ‘आणतो’ म्हटलंय, ‘जातो’ म्हटलेलं नाही. दौंडचे म्हणाले, कागद कुठाय? कागद नव्हता. आबा चावीकडं बघत म्हणाले, “ही ठिवल्याली हाय का टाकल्याली हाय, एवढं कुणीतरी सांगा रं.” शिपायाकडच्या दुसऱ्या चावीनं ग्रंथालय उघडायला लागले. घाटीची चावी सरांच्या टेबलावर तशीच. पुसायला गेलेला माणूसही तिच्या भोवतीनं पुसतो.

मी कवठ्याला सरांच्या घरी गेलो. काकू अंगणात कांदा निवडत होत्या.

“काकू, सर आहेत का?”

“हायेत की.”

मी चपला काढल्या. “बोलवता का?”

“भायेर गेल्यात.”

“कुठं?”

“ते न्हाई ठावं. पर हायेत.” आणि त्यांनी मला पाणी आणून दिलं.

मग दौंडला गेलो. डिसोझाबाई काउंटरवर होत्या. मला बघून ‘नाही’ म्हणाल्या नाहीत, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं.

“आला होता,” बाई म्हणाल्या. “त्याच दुपारी. पुस्तक मागितलं. मी सवयीनं नाही म्हणाले. कॉम्प्युटरवरपण मीच ‘नाही’ करून ठेवलेलं. सगळीच पुस्तकं. काय करू? आहे लिहिलं की शिरूरला जातात आणि येत नाहीत.”

“मग भांडले?”

“तेच तर. भांडलाच नाही. इतकी वर्षं फोनवर माझे कान फोडले, आणि त्या दिवशी म्हणतो, ‘बरं.’ बस्स. बाकावर जाऊन बसला. मला कसंतरीच झालं हो. मी डबा उचलला. पुस्तक डब्याखालीच होतं, गरम लागू नये म्हणून टेबलावर ठेवलेलं.” बाईंनी चष्मा पुसला. “मी म्हणाले, शेंडगे, आहे.”

“तुम्ही म्हणालात?”

“म्हणाले ना. उठला, पुस्तक पिशवीत घातलं. थांब, नोंद करते, म्हटलं, तर म्हणतो, बाईंना बसवून आलोय.”

तोवर शिरूरात पाहुण्या बाईंची गाडी निघून गेलेली.

त्या आठवड्यात डिसोझाबाईंनी काय केलं माहीत आहे? कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि दौंडची सगळी पुस्तकं ‘आहे’ करून टाकली. असलेली, नसलेली, वाळवीनं खाल्लेली, शिरूरात चरत असलेली, सगळी. आता आमच्या पानावर काहीही टाका, वर ‘हाय!’ आणि खाली ‘आहे’. पोरं तिन्ही गावच्या काउंटरवर येऊन उभी राहतात, पुस्तक सापडत नाही, भांडतात. कवठ्याच्या त्या एका खोलीत तर परवा सायकल बाहेर काढावी लागली, एवढ्या मुली. चिन्मय म्हणतो, सिस्टीम पूर्ण बिघडलीय. आबा म्हणतात, एवढी गर्दी कधी नव्हती. विद्यापीठाचं ‘कळवतो’ अजून कळवताहेत. आणि मला विचाराल तर पान बिघडलं की सुधारलं, मला सांगता येणार नाही.

सरांच्या बातम्या येत राहिल्या. कुणी त्यांना कोरेगाव भीमाला हायवेवर उभं पाहिलं, पिशवी छातीशी धरून पुण्याच्या गाडीला हात करताना. कुणी कासुर्डीला ढाब्यावर, एका ट्रकवाल्याला बाईंचं गाव विचारताना. कुणी म्हणालं, बाईंना पुस्तक पोचलं. कुणी म्हणालं, बाई बदलून गेल्या. प्रत्येकजण म्हणायचा, मी नाही पाहिलं, पण पाहणारा खोटं बोलणारा नाही. हे मात्र मला लगेच पटायचं, कारण माझीही तीच पद्धत.

मग मी त्यांना पाहिलं. हे मी स्वतः पाहिलं, यात दूधवाला नाही.

न्हावऱ्याच्या फाट्यावर गाडीची वाट बघत होतो. एस्टी आली, भरलेली, थांबली नाही. पाटी होती ‘शिरूर-दौंड’. ही पाटी जाताना तीच आणि येताना तीच, म्हणजे नावावर भांडायला नको. पण गाडी नक्की कुठं निघालीय ते पाटीवरून कळत नाही, आणि फाट्यावर वळणाऱ्या गाडीच्या तोंडावरूनही कळत नाही. मधल्या खिडकीत पांढरा शर्ट. कपाळावर चष्मा. मांडीवर पिशवी, फुगलेली. एका पुस्तकापेक्षा जास्त फुगलेली.

“सर!” मी ओरडलो.

त्यांनी मला पाहिलं. सवयीनं माझी भुवई वर गेली. आणि सरांनी खिडकीतनं हात बाहेर काढला, तळवा माझ्याकडं, पाचही बोटं पसरलेली, हुबेहूब त्या फलकावरच्यासारखा, आणि सगळा फाटा वळून बघेल अशा आवाजात म्हणाले,

“हाय!”

“काय हाय?” मी गाडीमागं पळत ओरडलो. “सर, काय हाय? कुठं?”

शिंगरू सापडलं म्हणाले? की बाईंचं पुस्तक अजून पिशवीत आहे म्हणाले? की मी हाय, अजून हाय, असं म्हणाले? धुरळा बसला तेव्हा रस्त्यावर गाडी नव्हती.

शेजारी एक बाई पेरूची पाटी घेऊन उभी होती. “कोण वं ते?” तिनं विचारलं.

“आमचे ग्रंथपाल.”

“काय म्हणलं?”

“हाय म्हणाले.”

“मग तुमीबी करा की हाय,” ती म्हणाली. “एवढा हात हलवला त्या मान्सानं.”

तिचं बरोबर होतं की चूक, अजून ठरत नाही. पण मी त्या रिकाम्या रस्त्याकडं तोंड करून, बोटं पसरून, हात वर केला.